गंगापूर रोडच्या गल्लीतली बुलेट: एका सायलेन्सरचं प्रकरण

नाशिकच्या गंगापूर रोडला लागून असलेल्या एका गल्लीतली ही सोसायटी. चार मजले, सोळा फ्लॅट. तळमजल्याला भिंती नाहीत, नुसते खांब आणि पार्किंग. समोर तशीच एक इमारत, दोन्हींच्या मधे जेमतेम सहा मीटरचा रस्ता. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारा एक मुलगा अंबड एमआयडीसीत पाळीवर जातो. घर निफाड तालुक्यात, थोडी द्राक्षबाग आहे. एका हंगामात बागेने बरे पैसे दिले तेव्हा वडिलांनी दसऱ्याला बुलेट घेऊन दिली. ३४९ सीसी, बीएस-६. थोड्याच दिवसांत त्याने कंपनीचा सायलेन्सर उतरवला आणि बाजारातला बसवला. कंपनीचा गावी, कांद्याच्या चाळीत जाऊन पडला.

दुसरी पाळी असली की तो रात्री सव्वाबाराच्या आसपास परत येतो. पहिली असली की पहाटे सहाच्या आधी निघतो. एका आठवड्यात रात्रीची झोपमोड, पुढच्या आठवड्यात पहाटेची, असा सोसायटीचा क्रम झाला. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. समोरच्या इमारतीत एक आजी, हृदयाच्या दुखण्याच्या. पहिल्या मजल्यावर पाच महिन्यांचं बाळ. तक्रारीला यापेक्षा जास्त माणसं लागत नाहीत.

मी याच सोसायटीत राहतो आणि कारखान्यात आवाज व कंपनं मोजायचं काम करतो. त्यामुळे सभेत गोष्ट हातघाईवर आली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीटर आण आणि एकदाचं ठरव, असं ते पाहणं होतं. मीटर आणला. ठरलं मात्र त्याने नाही, आणि का नाही हे सांगण्यासाठीच हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

ग्रुपवरचे दोन आकडे

भांडण सुरू झालं ते सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. एका गृहस्थांनी मोबाइलवरच्या डेसिबल अॅपचा फोटो टाकला: ११२. खाली तीन ओळी संतापाच्या आणि वाहतूक पोलिसांना टॅग करायची धमकी. तासाभरात मुलाने स्वतःच्या मोबाइलवरचा फोटो टाकला: ६८. खाली हात जोडलेली खूण आणि "काका, एवढा तर तुमचा मिक्सर पण करतो."

दोघांपैकी एक खोटारडा आहे असं सगळ्यांनी धरलं. कोण, ते आपापल्या वयाप्रमाणे ठरवलं. प्रत्यक्षात दोघेही खरे होते. गृहस्थांनी फोन सायलेन्सरच्या तोंडाशी वीतभर अंतरावर धरला होता, तोही मुलगा रेस करत असताना. मुलाने गेटपाशी उभं राहून आयडलिंगवरचा, म्हणजे रेस न देता नुसत्या चालू इंजिनाचा आवाज घेतला होता. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. अर्ध्या मीटरवरून आठ मीटरवर गेलात की चार वेळा दुप्पट झालं, म्हणजे २४ डेसिबल गेले. यात गाडीची काही करामत नाही, भूमितीच आहे. अंतर आणि इंजिनाचा वेग सांगितल्याशिवाय डेसिबलचा आकडा म्हणजे गावाचं नाव न सांगता दिलेला घर क्रमांक.

मोबाइलच्या माइकचंही एक आहे. तो माणसाचं बोलणं टिपण्यासाठी बनवलेला असतो. खालच्या पट्टीतला आवाज तो बराचसा गाळतो आणि फार मोठा आवाज आला की स्वतःच दाबून टाकतो. त्या अॅपवर विसंबून पोलिसांत जायचं म्हणणाऱ्यांना मी थांबवलं, आणि त्यामुळे मी मुलाच्या बाजूचा आहे अशी समजूत काही दिवस राहिली.

मोजायची रीत

गाडीचा आवाज मोजायच्या दोन पद्धती रूढ आहेत. एक चालत्या गाडीची. आपल्याकडे तिचं मानक आयएस ३०२८. गाडी ठरावीक वेगाने येते, मोजपट्ट्यात शिरताच चालक थ्रॉटल पूर्ण पिळतो आणि रस्त्याच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर ठेवलेला माइक सर्वांत मोठा आवाज टिपतो. २००५ च्या एप्रिलपासून भारतात दुचाकींना यासाठी मर्यादा आहेत: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, त्यावर १७५ सीसीपर्यंत ७७ आणि १७५ च्या वर ८०. बुलेट या शेवटच्या गटात येते. पण या मर्यादा उत्पादनाच्या टप्प्यावरच्या आहेत. कंपनी गाडी मंजुरीला नेते तेव्हा मोकळ्या, सपाट, आजूबाजूला भिंत नसलेल्या मैदानावर ही चाचणी होते. गंगापूर रोडच्या गल्लीत ती करता येत नाही, कुणी करूही नये.

दुसरी पद्धत उभ्या गाडीची. माइक सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर, वायूच्या धारेशी ४५ अंशाच्या कोनात, तोंडाच्याच उंचीवर. ज्या दुचाकीची कमाल ताकद ५००० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) वर मिळते तिचं इंजिन त्या वेगाच्या निम्म्यावर स्थिर धरायचं आणि मग थ्रॉटल एकदम सोडायचा. या बुलेटची कमाल ताकद २०.२ बीएचपी, ६१०० आरपीएमला. म्हणून आम्ही ३०५० वर धरली.

गंमत अशी की अमेरिका आणि कॅनडात हीच भांडणं स्नोमोबाइलवरून होतात. स्नोमोबाइल म्हणजे बर्फावर पट्ट्याने पळणारी स्कूटर. तिथेही हौशी मंडळी कंपनीचा सायलेन्सर काढून हलका, मोकळ्या घशाचा बसवतात. तिथे एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-१९२ पद्धतीने पूर्ण थ्रॉटलवर ५० फुटांवरून मोजतात आणि ७८ डेसिबलची मर्यादा धरतात. उभ्या गाडीसाठी जे-२५६७ आहे: ४ मीटरवरून, ४००० आरपीएमला, मर्यादा ८८. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे. तिथल्या बर्फवाटा बऱ्याच ठिकाणी खासगी शेतांमधून जातात आणि शेतमालकाच्या मर्जीवर खुल्या राहतात. रात्री घराशेजारून चार गाड्या गडगडत गेल्या की मालक डेसिबल मोजत बसत नाही, वाट बंद करतो. मग शांत गाड्यावालेही अडकतात. म्हणून तिथल्या क्लबांनाच मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरची सर्वांत जास्त चीड असते. आमच्या गल्लीतल्या इतर दोन बुलेटवाल्यांनी हीच भावना बोलून दाखवली, फक्त शब्द जास्त झणझणीत होते.

रविवारी सकाळी सोमेश्वरच्या पुढे एका मोकळ्या मैदानावर आम्ही गाडी नेली. मुलगा, सर, इतर बुलेटवाल्यांपैकी एक आणि मी. मीटर वर्ग २ चा, आधी कॅलिब्रेटरवर ९४ डेसिबलला तपासलेला. मुलाची गाडी आहे तशी, म्हणजे सायलेन्सरच्या तोंडातली जाळी काढलेली: १०४. जाळी बसवून: ९७. शेजाऱ्याची त्याच मॉडेलची, कंपनीच्या सायलेन्सरची गाडी: ८९. दर दहा डेसिबलला माणसाच्या कानाला आवाज ढोबळमानाने दुप्पट वाटतो. म्हणजे कंपनीची गाडी आणि मुलाची गाडी यांत कानाला जवळजवळ तिप्पट फरक. ध्वनीच्या ऊर्जेत तो तिसापेक्षा जास्त पट भरतो, पण ऊर्जेची पटं सांगून लोकांना घाबरवणं मला पटत नाही. ऐकणाऱ्याला कान असतात, वॉटमीटर नसतो.

सर खूश झाले. सिद्ध झालं, म्हणाले. मुलगा म्हणाला, जाळी लावतो, सात डेसिबल तर कमी झाले. दोघांनाही वाटलं प्रकरण मिटलं.

जाळी लावूनही बशा वाजत राहिल्या

जाळी म्हणजे सायलेन्सरच्या तोंडात आतून स्क्रूने बसणारी छिद्रांची नळी. दुकानदार ती फुकट देतात आणि गिऱ्हाइकं ती पहिल्याच दिवशी काढतात. इथे ती परत बसली. आठवडा बरा गेला, म्हणजे तक्रार आली नाही. मग समोरच्या आजींनी मुलाला खिडकीतून हाक मारून विचारलं, "बाळा, गाडी तीच आहे ना रे? कपाटातल्या बशा अजून वाजतात."

आजींचं म्हणणं तंतोतंत खरं होतं आणि माझा मीटर ते दाखवत नव्हता. कारण मीटर ए-वेटिंगवर होता. कायदा, चाचण्या, सगळं ए-वेटिंगवर चालतं. माणसाच्या कानाला खालची पट्टी कमी ऐकू येते म्हणून मीटर त्या पट्टीतला आवाज वजा करून दाखवतो. १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वजा, ५० हर्ट्झला सुमारे ३०. एक सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. ३००० आरपीएमला सेकंदाला २५ धडके. आवाजाचा कणा २५ हर्ट्झवर आणि त्याच्या पटींवर: ५०, ७५, १००. बुलेटच्या ज्या धडधडीवर लोक जीव टाकतात ती नेमकी तिथे राहते, आणि मीटर नेमकी तीच झाकतो. कपाटाची काच, बशा, खिडकीची सैल चौकट मात्र काहीच वजा करत नाहीत.

मी सी-वेटिंगवर मोजलं. त्यात खालची पट्टी जवळपास शाबूत राहते. जाळीने ए-वेटिंगवर सात डेसिबल उतरले होते, सी-वेटिंगवर उतरले ते दोनच. जाळी वरचा कर्कशपणा कापते, तळाला हात लावत नाही. ते समजून घ्यायचं तर सायलेन्सरच्या पोटात पाहावं लागतं. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये दोन-तीन कप्पे असतात. वायू एका कप्प्यातून नळीने दुसऱ्यात जातो, परततो, पुन्हा फिरतो. प्रत्येक वळणावर दाबाची लाट स्वतःशीच टक्कर घेते आणि खालचे सूर विरतात. त्याला जागा लागते, पत्रा लागतो, वजन येतं. बाजारातल्या सायलेन्सरमध्ये एक सरळ छिद्रांची नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर. लोकर वरच्या पट्टीतला आवाज पिते, खालची पट्टी तिच्यातून सरळ निघून जाते. स्वस्त मालात लोकरही पातळ असते आणि काही महिन्यांत जळून, उडून जाते. मग उरतो तो पाइप. म्हणूनच "नवीन असताना एवढा आवाज नव्हता हो" हे अशा गाड्यांचे मालक म्हणतात ते खोटं नसतं.

मुलाची खरी बाजू ताकदीची होती, आणि ती ऐकून घ्यायला हवी. "पिकअप वाढला काका, जाणवतो." आम्ही रिंगरोडच्या मोकळ्या तुकड्यावर दोन्ही गाड्या एकाच गिअरमध्ये ४० वरून ६० पर्यंत नेऊन वेळ घेतली. फरक स्टॉपवॉच दाबणाऱ्या अंगठ्याच्या चुकीपेक्षा मोठा निघाला नाही. वीस बीएचपीच्या इंजिनात नुसता सायलेन्सर बदलून मिळण्यासारखं फार काही नसतंच. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, बाकी काही नाही. उलट, त्याच्या गाडीचा क्लॅम्प नीट बसला नव्हता. जोडातून बाहेरची हवा आत ओढली जात होती. थ्रॉटल सोडल्यावर न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटून फाट फाट व्हायचं, ज्याला मुलं फटाके म्हणून मिरवतात. गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला, वाटतं मिश्रण पातळ झालं, आणि ते आणखी पेट्रोल सोडतं. मायलेज का घसरलं याचा शोध तो कार्बन साफ करण्याच्या बाटल्यांत घेत होता.

पार्किंग नावाचं पिंप

इथपर्यंत सगळे गाडीकडे पाहत होते. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, मुख्य रस्त्यावर, रात्री अशाच आवाजाच्या गाड्या जातात. पर्यटनाचा हंगाम असला की गंगापूर धरणाच्या आणि द्राक्षमळ्यांच्या बाजूने परतणाऱ्यांच्या रांगा. त्यांनी आजी उठत नाहीत. याच एका गाडीने उठतात.

उत्तर खांबांच्या मधे सापडलं. खाली काँक्रीटची फरशी, वर काँक्रीटचा स्लॅब, उंची आठ फुटांच्या आतबाहेर, मागे कंपाउंडची भिंत. आवाज आत कोंडतो, आपटत राहतो आणि एकाच बाजूने बाहेर पडतो. ती बाजू समोरच्या इमारतीकडे. समोरची भिंत तो परत फेकते. मैदानावर चार मीटरवर घेतलेला आणि पार्किंगमध्ये चार मीटरवर घेतलेला आवाज, गाडी तीच, आरपीएम तेच, यांत पाच ते सहा डेसिबलचा फरक आला. त्यात गेटपासून आत यायला चढाचा रॅम्प. रात्री परतताना मुलगा पहिल्या गिअरमध्ये, थ्रॉटल देऊन, तो चढ चढायचा. दिवसभरातला सर्वांत जोराचा धडका तो नेमका त्या पिंपाच्या तोंडाशी द्यायचा.

पहाटेचं कारण आणखी निराळं होतं. तो निघण्याआधी दोन-तीन मिनिटं गाडी चालू ठेवायचा, मधे मधे रेस करायचा. विचारलं तर म्हणाला, "अण्णा म्हणतात बुलेट गरम झाल्याशिवाय हलवू नये." अण्णांची बुलेट जुनी, कास्ट आयर्न इंजिनाची, कार्बोरेटरची होती. तिला ते लागायचं. इंधन इंजेक्शनच्या गाडीत थंड इंजिनाचं मिश्रण ईसीयू स्वतः सांभाळतं. सुरू करून अर्ध्या मिनिटात हळू निघालं तरी चालतं. गल्लीची पहाटेची निम्मी तक्रार ही वडिलांच्या गाडीची सवय होती.

कायद्याचा कागद

सरांनी तोपर्यंत अर्ज लिहून तयार ठेवला होता. आधार ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० चा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे १० ते ६. अर्जात वाक्य होतं की समोरच्या आजींच्या खिडकीत ७९ डेसिबल मोजले, म्हणजे मर्यादेच्या ३४ वर.

वाक्य वाचायला जबरदस्त होतं, पण टिकणारं नव्हतं. ४५ हा आकडा क्षणाचा नाही, त्या वेळेतल्या ऊर्जेच्या सरासरीचा आहे. हिशेब करून पाहा. मुलाची गाडी गल्लीत शिरल्यापासून बंद होईपर्यंत अर्धा मिनिट. जाळी लावल्यावर त्या अर्ध्या मिनिटाची सरासरी खिडकीत ७० धरू. आठ तासांत ती पसरली की हातात राहतात जेमतेम ४० डेसिबल. गल्लीचा रात्रीचा आपला आवाज ४२ च्या आसपास. दोन्हींची बेरीज ४४ च्या थोडी वर. म्हणजे गल्ली ४५ च्या आत, नियमात, आणि तरीही आजी, सर, बाळ आणि बाळाची आई, सगळे जागे. माणूस सरासरीने उठत नाही, शिखराने उठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच रात्रीसाठी दोन वेगळे आकडे आहेत: सरासरीचा एक आणि एकट्या शिखराचा दुसरा, खिडकी उघडी असताना बाहेर ६०. आपल्या नियमांच्या त्या तक्त्यात शिखराचा रकानाच नाही. माझ्या मते ही त्या नियमांची सर्वांत मोठी उणीव आहे. लाउडस्पीकरसारख्या तासन्‌तास चालणाऱ्या आवाजाला सरासरी चालते, मध्यरात्रीच्या एका गाडीला चालत नाही.

कोपऱ्यावर एक छोटं रुग्णालय आहे, म्हणून शंभर मीटरचा शांतता विभाग लागू होईल असंही कुणी सुचवलं. पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसा भाग घोषित केल्याशिवाय तो शांतता विभाग ठरत नाही. तो रस्ता आम्ही सोडला.

मग उरला मोटार वाहन कायदा, आणि खरं सांगायचं तर सुरुवातच तिथून करायला हवी होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० म्हणतो की प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तेवढा कमी करणारा सायलेन्सर हवा. कलम १९० (२) खाली आवाज व हवेच्या प्रदूषणाची मानकं मोडणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना अपात्र. कलम १८२ ए (४) गाडीत परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही. रस्त्यावर ई-चलनात येणारी रक्कम राज्य सरकार ठरवतं त्या तडजोड शुल्काप्रमाणे वेगळी असते.

ज्या दुकानातून सायलेन्सर घेतला तिथे मी मुलाबरोबर गेलो. दुकानदार बोलका. "भो, आरसी बुकावर रंग लिहितात, सीसी लिहितात. सायलेन्सर लिहिलाय का कुठं? मग बदल कसला?" युक्तिवाद हुशार आहे आणि कलम ५२ पुरता ऐकायलाही बरा वाटतो. त्या कलमात आरसीवरच्या नोंदी उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापासून वेगळ्या होतील असा बदल करू नये असं आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. पण १९० (२) ला आरसी बुकाशी काही देणंघेणंच नाही. तिथे प्रश्न आवाजाचा आहे. त्यात बीएस-६ गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारा भाग, काही मॉडेलमध्ये बेंड पाइपात (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतच्या नळीत) असतो, काहींत सायलेन्सरच्या पोटात. दुसऱ्या प्रकारात सायलेन्सरबरोबर तोही उतरतो आणि धुराचंही कलम अंगाशी येतं. दुकानात भिंतभर लटकलेल्या लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल, मेगाफोन, इंदोरी यांच्या खाली बारीक अक्षरात पाटी होती: फक्त रेसिंग ट्रॅकवर वापरासाठी. नाशिकमध्ये ट्रॅक कुठे आहे हे मी विचारलं नाही.

ओळखीच्या एका वाहतूक हवालदारांशी बोललो. ते मोजमापाच्या गोष्टीवर हसले. "मीटर हवाय कशाला साहेब? सायलेन्सर कंपनीचा नाही, डोळ्यांना दिसतंय. काढून ठेवून घेतो." जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो महाराष्ट्रातल्या अनेक शहरांतून आपण पाहिले आहेत. पोलिसांचा मार्ग लवकर निकाली निघणारा आहे हे खरं. सरांना तोच हवा होता. माझा आग्रह एवढाच होता की तो शेवटी ठेवू, कारण पोलीस सायलेन्सर नेतील, रॅम्प आणि पहाटेची रेस नेणार नाहीत.

सभा

सभा पार्किंगमध्येच झाली, खुर्च्या टाकून. मी आकड्यांचा कागद आणला होता, पण आधी वेगळंच केलं. मुलाला समोरच्या आजींच्या घरात बसवलं, खिडकी उघडी, आणि त्याच्या मित्राला त्याचीच गाडी गल्लीच्या तोंडापासून रॅम्पवरून आत आणायला सांगितली. वेळ रात्री साडेनऊची, म्हणजे बारापेक्षा गल्ली बरीच जागी. गाडी आली, बशा वाजल्या. स्वतःच्या गाडीचा आवाज तो पहिल्यांदाच समोरून ऐकत होता. चालवणाऱ्याच्या कानावर हेल्मेट असतं, वारा असतो, आणि आवाज मागे पडत जातो. ज्याच्या दिशेने तो फेकला जातो तो माणूस तो कधीच नसतो.

खाली आल्यावर तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण काका, बुलेटला आवाजच नसेल तर मग स्कूटीच घेतली असती ना." यावर लोक चिडले. मला ते म्हणणं प्रामाणिक वाटलं. पाळीभर मशीनवर उभा राहणारा मुलगा, शहरात भाड्याच्या खोलीत, त्याच्याजवळ मिरवण्यासारखं ते एकच आहे. ते काढून घ्यायचं असेल तर निदान हसण्यावारी नेऊन काढून घेऊ नका, एवढंच मी सभेत म्हटलं. सर म्हणाले की हौस गंगापूर धरणावर करावी. त्यावर हशा पिकला.

ठरलं ते असं. कंपनीचा सायलेन्सर परत बसवायचा. त्याची पार्किंगची जागा आतल्या कोपऱ्यातून हलवून गेटलगतच्या उघड्या पट्ट्यात द्यायची, म्हणजे रॅम्प आणि स्लॅब दोन्ही टळतील. रात्री दहानंतर गेटशी इंजिन बंद, गाडी ढकलत आत. हा शेवटचा नियम सगळ्या दुचाकींना, एकट्या बुलेटला नाही. एकट्यासाठी नियम केला असता तर त्याने तो पाळला नसता, आणि मीही पाळला नसता. जागा बदलायला एका चारचाकीवाल्यांनी खळखळ केली, कारण उघड्या पट्ट्यात झाडाखाली ते स्वतः गाडी लावत. त्यांना मुलाची आतली सावलीतली जागा मिळाली तेव्हा खळखळ थांबली. सायलेन्सरवर जेवढी चर्चा झाली त्याच्या दुप्पट या अदलाबदलीवर झाली.

नंतर

चाळीतला सायलेन्सर आणला तर त्याचा खालचा पत्रा गंजून गेला होता. पावसाळ्यात गळक्या कोपऱ्यात पडून होता. नवा कंपनीचा घ्यावा लागला, आणि त्याची किंमत ऐकून मुलाचा चेहरा उतरला. दुकानदाराने बाजारातला परत घेतला, तोही मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात. वडिलांना यातलं काही सांगितलेलं नाही.

नव्या व्यवस्थेत दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात आजींच्या खिडकीत मोजलं. शिखर ५८. आधी ७९ होतं. या २१ डेसिबलपैकी साधारण १५ सायलेन्सरचे, बाकीचे जागेचे आणि रॅम्प टळल्याचे. सी-वेटिंगवर उतार आणखी मोठा आला. बशा वाजत नाहीत. बाळ अर्थात तरीही उठतं, पण ते बाळ आहे.

एक शेपूट राहिलं. नियम सगळ्यांना केला म्हणून महिन्याभराने दुसरी तक्रार आली. पहिल्या मजल्यावर खाण्याचे पार्सल पोचवणारा एकजण राहतो. त्याची जुनी ११० सीसी स्कूटर, सायलेन्सर कंपनीचाच, पण खालून भोक पडलेला. अर्ध्या मीटरवर ती ९८ भरली, जाळीवाल्या बुलेटपेक्षा जास्त. यात हौस नाही, बदल नाही, कलम १८२ ए लागत नाही, पण नियम १२० लागतो. त्याला नवा सायलेन्सर परवडत नव्हता. बुलेटवाल्या मुलाने कारखान्यातल्या वेल्डरकडून पट्टी मारून आणून दिली, आवाज ८९ पर्यंत उतरला. वेल्डरचे चारशे रुपये सोसायटीच्या देखभाल खात्यातून द्यावेत असं मी सुचवलं. सरांचा विरोध आहे. म्हणतात, आज सायलेन्सर, उद्या ब्रेक लायनर. विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे.